शेऱ्याचा रकाना

पुलाच्या खांबावर पांढरी पट्टी, तिच्यावर काळे आकडे.
रोज सकाळी सहाला मी ते वाचतो,
पावसाळ्यात तासातासाला.
वहीत चार रकाने: तारीख, वेळ, फूट, शेरा.
शेऱ्यात काही लिहायचं नसतं,
गुप्ते साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

कोरड्या वर्षी
आकडे संपले आणि खाली नुसता खांब उरला.
विश्वामित्री तुटत तुटत चालली होती
विसरभोळ्या माणसाच्या गोष्टीसारखी,
मध्येच डबकं, मग लांबवर भेगाळलेला चिखल,
मग पुन्हा डबकं, आधीच्याशी ओळख नसल्यागत.
समाच्या खालच्या डोहात सतरा मगरी,
एकमेकींच्या पाठीवर हनुवटी टेकून,
रेशनच्या दुकानापुढे ताटकळल्यासारख्या.
वरून गटाराचं कोमट पाणी यायचं,
नदी म्हणून तेवढंच.
रईजीभाई माछी जाळं झटकून म्हणाला,
"मोरेश्वरभाई, आता एकटा मांगूर राहिलाय,
त्याला चिखलही चालतो."
एका मादीने कोतराच्या भिंतीत अंडी पुरली होती.
माती भाजून विटेसारखी झाली,
आतून कुणी हाक दिली नाही.
ती मात्र जूनअखेरपर्यंत तिथेच पडून होती, तोंड उघडं ठेवून.
बोअरला खारं पाणी, वसुमतीबेनची डाळ शिजेना.
आजव्याच्या तळातून जुन्या पायऱ्या वर आल्या,
लोक रविवारी भजी घेऊन त्या बघायला जायचे.
मी लिहिलं: शून्य.

पुढच्या ज्येष्ठात टिटवीने
ऐन पात्रात, माझ्या खांबापाशी, चार अंडी घातली.
रईजीभाईने मान हलवली:
"खाली बसली. म्हणजे यंदाही काही नाही."
त्याच्या आज्याने हेच सांगितलं होतं,
आज्याच्या आज्यानेही.
मी गुप्ते साहेबांना सांगणार होतो,
पण पक्ष्याला रकाना नाही.

आषाढ कोरडा. श्रावणाचे पंधरा दिवस कोरडे.
मग एका रात्री अकराला पावागडावर धरला
आणि दोन रात्रींत सगळी थकबाकी चुकवली.
तीन वाजता एकोणीस.
चार वाजता बावीस.
पाच वाजता सव्वीस, टॉर्चच्या उजेडात.
सहाला पट्टी नव्हती, खांब नव्हता, मी जिन्यावर होतो.
अंडी कुठल्या तासात गेली
ते माझ्या वहीत सापडणार नाही.
टिटवी चुकली,
की तिला विचारायची आमची रीतच जुनी झाली?

तिसऱ्या दिवशी वसुमतीबेन
ओट्यावर गुडघाभर पाण्यात, हातात रिकामी कळशी.
"पीवानुं पाणी आव्युं?"
तिच्या वॉशिंग मशीनमागे सहा फुटी मगर,
शेपटीला निळी प्लास्टिकची पिशवी अडकलेली.
पोरांनी ओलं पोतं तिच्या डोळ्यांवर टाकलं,
ती लगेच गप्प झाली,
पोट तेवढं वरखाली होत राहिलं.

मार्चमध्ये गुप्ते साहेबांनी
दोन्ही वह्या मागवल्या, बेरीज केली, दोनाने भागलं.
दोन वर्षांची सरासरी: सात फूट. समाधानकारक.
मी पुलावर जाऊन सातचा आकडा शोधला,
पुरात त्याचा अर्धा रंग गेला होता.
दोन वर्षांत पाणी तिथे थांबलेलं मी पाहिलं नाही.
वर जाताना एकदा त्याला लागून गेलं, उतरताना एकदा,
मिळून चाळीस मिनिटं असतील.
त्या चाळीस मिनिटांत
कोण प्यालं, कोण व्यालं?

यंदा पात्रात चिखलाचा नवा थर आहे,
त्यात कुठल्या तरी घराची पाटी, नाव पुसलेलं.
मादीने कोतर बदललं, आता जरा वर आलीय.
आणि टिटवी पंपघराच्या गच्चीवर,
खडी आणि सुपारीच्या पुड्या यांच्यामध्ये.
रईजीभाई खालून ओरडला,
"इतक्या वर? किती पाणी येणार म्हणते?"
मला कुठे ठाऊक!
मी वही उघडली आणि पेन्सिलीने लिहिलं:
टिटवी, एक. अंडी, चार. पंपघराची गच्ची.
हिशेबात धरू नये.
गच्चीवर चढू नये.